तळटीप : ‘अजून एप्रिलच आहे’
* ई.आर.ए. म्हणजे बेसबॉलमध्ये पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) दर नऊ इनिंगमागे सरासरी दिलेल्या धावा. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या यात धरत नाहीत. आकडा लहान तितका पिचर चांगला. मोसमाच्या सुरुवातीला हा आकडा बिघडला की चाहते स्वतःला देतात तो ‘अजून एप्रिलच आहे’ हा दिलासा मात्र अगदीच भाबडा नाही. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरची पाळी साधारण दर पाचव्या सामन्याला येते, म्हणजे एप्रिलअखेर जेमतेम पाच-सहा वेळा. 24 इनिंगमध्ये 8 धावा दिल्या तर ई.आर.ए. 3.00, पुढच्या एकाच इनिंगमध्ये 7 गेल्या की तो थेट 5.40! मोसम तर 162 सामन्यांचा. वॉशिंग्टन नॅशनल्स 2019 मध्ये पहिल्या 50 पैकी 31 सामने हरले होते; त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज त्यांनीच जिंकली. — संपा.