मोटारीची कळ आणि मिस्त्रीचा हात



मोटारगाडी आतां इतकी नित्याची झाली आहे कीं, ती हांकण्याची विद्या एके काळीं हाताला आणि कानाला किती जड जात होती, याची नव्या पिढीला कल्पनाही येत नाहीं. त्या विद्येचा सर्वांत अवघड भाग गियर बदलणें हा होता. पुढें कांहीं वर्षें तेंच काम एका कळीवर आलें. ती कळ कशी आली, कशी बिघडते, कशी दुरुस्त होते आणि कां नाहींशी झाली, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

गियर कशासाठीं लागतो? बैल आपला जोर संथ चालींतही लावूं शकतो. एंजिनाचें तसें नाहीं. तें बऱ्यापैकीं वेगानें फिरत असेल तरच त्याला बळ येतें. म्हणून चढावर, चिखलांत किंवा उभी गाडी हलवितांना एंजिनानें पुष्कळ फिरावें आणि चाकानें थोडें, अशी योजना दंतचक्रांनीं करावी लागते. आपल्या मराठवाड्यांत नांदेडवरून मनमाड-हैदराबाद रेल्वे १९०० सालीं गेली आणि लातूरला बार्शीची अरुंद रेल्वे १९११ सालीं आली. रूळ जेथें संपत, तेथून पुढें बैलगाडी किंवा मोटार. १९३२ सालीं निजाम सरकारच्या रेल्वेखात्यानें रस्त्यावरील वाहतूक सुरू केली, तेव्हां त्या खात्यापाशीं २७ बसगाड्या होत्या. त्या काळच्या अवजड गाड्यांत गियर बदलावयाचा म्हणजे क्लच दोनदां दाबावा लागे आणि एंजिनाचा आवाज कानानें जोखावा लागे. अदमास चुकला कीं दांत्यावर दांता खडखडे आणि मागें बसलेल्या उतारूंनाही चालकाची योग्यता कळे.

ही खडखड टळावी म्हणून अमेरिकेंत फार लवकर प्रयत्न झाले. १९१४ सालच्या हेन्स गाडींत विजेनें गियर बदलण्याची सोय मिळूं लागली. त्यानंतर चार वर्षांनीं इंडियानापोलिसच्या प्रीमियर कंपनीनें विद्युच्चुंबकाची योजना वापरली. दोन्ही प्रयोग फार टिकले नाहींत. या प्रीमियरचा आपल्या मुंबईच्या प्रीमियरशीं कांहींएक संबंध नाहीं, हें येथेंच सांगितलेलें बरें.

आपली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज, प्लिमथ, डेसोटो या गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. आमच्या भागांतील कापूस आणि भुईमूग वाहणाऱ्या ट्रकांमुळें डॉज आणि फार्गो हीं नांवें खेड्यांतही ठाऊक झालीं. याच क्रायस्लर घराण्यानें १९५६ च्या गाड्यांवर गियरच्या कळा बसविल्या. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, तेंही हेंच वर्ष.

या गाड्यांत गियर बदलण्याचें काम तेलाच्या दाबानें आपोआप होई. चालकानें फक्त दिशा सांगावयाची. अमेरिकन गाडींत चक्राच्या डाव्या अंगास चार कळा असत: एक मागें जाण्याची, एक मोकळी, एक पुढें जाण्याची आणि एक चढ-उतारासाठीं. पाहणाऱ्याला वाटे, ही विजेची किमया आहे. वास्तविक कळांच्या मागें विजेचा संबंध नव्हता. तेथें सरकणाऱ्या पट्ट्या होत्या, त्यांना जोडलेली एक तरफ होती आणि तरफेपासून गियरच्या पेटीपर्यंत नळींतून गेलेली एकच पोलादी तार होती. ज्या कळेवर बोट पडेल, त्याप्रमाणें तार कमी-अधिक सरके आणि पेटींतील झडप नेमक्या जागीं नेऊन ठेवी. पुढचें काम तेलाचें.

ज्यांच्या घरीं जुनी बजाज चेतक होती, त्यांना हें लगेच उमजेल. १९७२ पासून आलेल्या त्या स्कूटरचा गियर डाव्या मुठींतून तारांनींच बदले. तार सैल झाली कीं दुसरा गियर पडतच नसे आणि मिस्त्री ती पान्यानें थोडी ताणून देई. फरक एवढाच कीं, स्कूटरच्या दोन तारा आळीपाळीनें ओढतात. क्रायस्लरची एकच तार ओढतेही आणि ढकलतेही. म्हणून ती कोठेंही मुडपलेली चालत नाहीं.

आतां बिघाडाकडे वळूं. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडींत कळांमागचें वंगण वाळून चिकट होतें आणि कळ दाबल्यावर अडकून राहते. नळींत पाणी शिरलें तर तार गंजते. सर्वांत फसवा दोष मात्र तिसरा आहे. कळ नीट बसते, गाडी चालतेही; परंतु तार किंचित् लांबल्यामुळें झडप आपल्या भोंकासमोर पुरती येत नाहीं. मग तेलाचा दाब उणा पडतो, आंतील पट्टे आणि तबकड्या घसरूं लागतात आणि कांहीं दिवसांत जळतात. दोष सुताएवढा असतो आणि शिक्षा सबंध पेटीला होते.

म्हणून जाणता मिस्त्री अडलेल्या कळेवर जोर करीत नाहीं. तो प्रथम तार कळांच्या पेटीपासून सोडवितो. कळा मोकळ्या चालल्या तर दोष तारेंत किंवा पुढें आहे. तरीही अडल्या तर दोष कळांतच आहे. कळांच्या पट्ट्या धुऊन, पुसून, हलकें वंगण देऊन बसविणें हें घड्याळजीसारखें शांत काम आहे. तारेचें दुसरें टोंक गियरच्या पेटींत आंत अडकविलेलें असतें. तें हिसडून ओढलें तर हानि ठरलेली. शेवटीं एकानें मागें जाण्याची कळ दाबून धरावयाची आणि दुसऱ्यानें गाडीखालीं निजून तारेची लांबी जुळवावयाची, अशी ही दोघांची विद्या आहे.

त्याच सुमारास दुसऱ्या कंपन्यांनीं कळा काढल्या, पण त्यांच्यामागें विजेची मोटर ठेवली. पॅकार्डनें १९५६ त तसें केलें. १९५८ च्या एडसेलनें तर कळा चक्राच्या मध्यभागीं आणल्या. ही योजना फार सतावूं लागली आणि एडसेलनें ती पुढच्याच वर्षीं सोडून दिली. क्रायस्लरची साधी तार मात्र १९६४ पर्यंत टिकली. जें दिसण्यांत नवें होतें तें सर्वांनीं केलें. जें हातानें दुरुस्त करतां येत होतें तेंच टिकलें.

मग तीही कां गेली? चालकाला एका गाडींतून दुसरींत बसतांना गोंधळ होऊं नये, गियरचा क्रम सर्वत्र एक असावा, हा विचार अमेरिकेंत बळावत होता आणि गिऱ्हाईकही दांड्याला सरावलें होतें. १९६५ च्या गाड्यांवर क्रायस्लरनें दांडा परत आणला. गियरच्या क्रमाविषयींचा सरकारी नियम तेथें १९६८ पासून लागू झाला.

आपल्याकडे अशा गाड्या थोड्याच आल्या. कारण जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनीं १९५४ च्या सुमारास येथील कारखाने आवरले आणि परदेशी गाडी दुर्मिळ झाली. ज्या आल्या, त्यांचा सुटा भाग सहज मिळेना. अशा वेळीं कांहीं मालक कळा काढून टाकतात आणि खालून दांडा बसवितात. गाडी चालते खरी, पण तिचा इतिहास पुसला जातो. २०२१ सालीं केंद्र सरकारनें ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं वेगळी नोंदणी ठरविली. त्या नियमांत सांगाडा, बांधणी आणि एंजिन यांत फेरफार नसावा असें म्हटलें आहे. कळेची राखण मात्र मिस्त्रीच्या सचोटीवरच सोंपविलेली आहे.

अशी सचोटी आणि असे हात नांदेड-लातूरच्या गॅरेजांत आजही आहेत. चोकची तार, ट्रॅक्टरचा हातदांडा, स्कूटरची मूठ यांवरच ते हात घडले आहेत. आज नव्या गाड्यांतून गियरच्या कळा पुन्हां दिसूं लागल्या आहेत, पण त्यांच्यामागें तार नाहीं. ती बिघडली तर पाना उपयोगाचा नाहीं. म्हणून जुन्या मिस्त्रींपाशीं जें ज्ञान आहे, तें त्यांच्या हयातींतच कोणी तरी त्यांच्याजवळ बसून वहींत उतरून घेतलें पाहिजे. तें बहुतेक कोठेंच लिहिलेलें नाहीं, आणि शाळेंतून बाहेर पडलेल्या ज्या मुलाला हस्ताक्षर आणि कुतूहल दोन्ही आहेत, त्याला याहून चांगलें सुटींतलें काम मला तरी सुचत नाहीं.