वऱ्हाड प्रश्न

हैदराबादच्या निजामाकडून फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी ईस्ट इंडिया कंपनीने १८५३ मध्ये वऱ्हाड ताब्यात घेतले. त्यातून कर्ज, महसूल आणि सार्वभौमत्व यांचा जो वाद उभा राहिला, तो १९४८ पर्यंत मिटला नाही. त्याला वऱ्हाड प्रश्न म्हणतात. आजचे अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे ढोबळमानाने या वादाचा मुलूख होत. वाद मुलखाचा दिसत असला तरी भांडण मुख्यतः हिशेबाचे होते. हिशेब कोणी ठेवायचा आणि तो कोणाला दाखवायचा, यावरच प्रत्येक वेळी गाडे अडले.

पार्श्वभूमी : चिखलदऱ्याच्या पठाराशेजारचा गाविलगड आर्थर वेलस्लीने १५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरच्या भोसल्यांकडून घेतला. दोन दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाच्या पदरात पडला. गाविलगड व नरनाळा मात्र भोसल्यांकडेच राहिले. ते निजामाकडे आले १८२२ मध्ये. पुढच्याच वर्षी हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा ‘शोधले’, अशी नोंद सापडते. कोरकू आदिवासी तिथे आधीपासून राहत होतेच.

कर्जाचे मूळ फौजेत आहे. १८०० च्या तहाप्रमाणे युद्ध झाले तर ६,००० पायदळ व ९,००० घोडेस्वार पुरवण्याची जबाबदारी निजामावर होती. कंपनीचा हैदराबादेतला रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात त्यातून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची बारमाही फौज तयार झाली. तीच पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली. तिचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपये होता. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. शांततेच्या काळात अशी फौज बाळगण्याचे बंधन तहाने निजामावर घातलेले नाही, हे खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीनेही आपल्या टिपणात मान्य केले होते. तरीही थकबाकीची मागणी त्याने सोडली नाही.

पैसा उभा करण्याचे दिवाण चंदुलालचे मार्ग दोन होते : सावकारी कर्ज आणि इजारा. पामर आणि कंपनी या पेढीचे कर्ज चोवीस टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने इतके फुगले की ते फेडण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीकडून मिळणारी उत्तर सरकारांची वार्षिक पेशकश कायमची सोडून सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकरकमी घ्यावे लागले. म्हणजे कायमचे उत्पन्न विकून चालू देणे भागवले गेले. वऱ्हाडात महसूल वसुलीचा मक्ता कधी हैदराबादचा सावकार पुरणमल, तर कधी पेस्तनजी आणि कंपनी यांच्याकडे गेला. पेस्तनजींनी खामगावचा कापूस मुंबईला पाठवण्याचा व्यापार उभा केला, हे त्यांच्या नावावर जमा धरले पाहिजे. पण इजारदाराचे लक्ष मुदत संपेपर्यंतच्या वसुलीवर असते, जमिनीच्या मगदुरावर नव्हे. दिलेला मक्ता दरबार मध्येच काढूनही घेई. अशा कारभारात पाटील-देशमुखांपासून कुळापर्यंत कोणालाच पुढच्या साऱ्याचा भरवसा नव्हता.

१८५३ चा तह : बाकी ४५ लाखांच्या पुढे गेल्यावर रेसिडेंट कर्नल लो तहाचा मसुदा घेऊन दरबारात गेला. नासिरुद्दौला निजामाने बराच काळ नकार दिला. वडिलोपार्जित मुलूख विनाकारण देऊन टाकणे आणि निष्ठेने चाकरी केलेली फौज मोडणे, या दोन्ही गोष्टी राजाला कमीपणा आणणाऱ्या आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्याला नेमक्या याच दोहोंतून एक निवडायची होती. अखेर २१ मे रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडचा मुलूख मिळून सुमारे ५० लाखांच्या ढोबळ उत्पन्नाचा प्रदेश कंपनीच्या हवाली झाला. सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. वर्षाचा हिशेब देऊन शिल्लक हैदराबादला पाठवायची, असे कलमही होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत सालारजंग दिवाण झाला.

१८६० च्या तहाने ५० लाखांचे कर्ज माफ झाले. रायचूर व धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडेच राहिले आणि जमाखर्च मागण्याचा हक्क निजामाने सोडला. या साऱ्या प्रकरणातले सर्वांत महाग पडलेले कलम हेच. कर्ज फिटले, पण गहाण सुटले नाही. शिवाय यापुढे शिल्लक किती उरली हे ठरवायचे ते मुलूख चालवणाऱ्यानेच.

महसूल सुधारणा : १८६१ पासून मुंबई पद्धतीची मोजणी सुरू झाली. शिवारातल्या प्रत्येक सर्व्हे नंबराची शंकूसाखळीने मोजणी, मातीचा पोत व खोली पाहून आणेवारीने प्रत, आणि त्यावरून तीस वर्षांसाठी ठरलेला सारा. सारा भरतो तोवर जमीन कुळाच्या नावावर राहणार आणि ती विकता येणार, ही गोष्ट इजाऱ्याच्या मुलखात नवी होती. सावकाराला तारण मिळाले तेही त्यामुळेच, ही तिची दुसरी बाजू. त्यातच अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. त्याच वर्षी आलफ्रेड लायलचे वऱ्हाडचे गॅझेटिअर निघाले. जुन्या इजाऱ्यांची बरीच माहिती त्यातूनच मिळते, पण ती नव्या मालकाने लिहिलेली आहे हे ध्यानात ठेवून वाचावी.

उत्पन्न वाढले, तसा खर्चही वाढला. कमिशनर, डेप्युटी कमिशनर, पोलीस, सडका, इमारती यांचा खर्च आणि फौजेचा पगार आधी वजा व्हायचा. चिखलदऱ्याला साहेबांचे बंगले उभे राहिले, ते याच प्रांताच्या पगारावर जगणाऱ्यांसाठी. कारभार महाग आहे, शिल्लक जाणूनबुजून कमी राखली जाते, ही हैदराबादची कायमची तक्रार होती.

सालारजंगाने १८७० नंतर फौजेच्या खर्चाची हमी म्हणून मोठी रक्कम ठेव देऊन वऱ्हाड सोडवण्याची तयारी दाखवली. १८७६ मध्ये तो विलायतेलाही जाऊन आला. निजाम अज्ञान आहे, सज्ञान होईपर्यंत हा विषय नको, असे उत्तर मिळाले. हिशेबात खोट काढता येत नाही तेव्हा तारीख लांबवायची, हा सरकारी तोडगा तेव्हाही होताच. १८८३ मध्ये सालारजंग वारला आणि प्रश्न तिथेच राहिला.

कायमचा पट्टा : ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंडाने वऱ्हाड कायमचे पट्ट्यावर घेतले. ही रक्कम सुरुवातीला हैदराबादच्या आधीच्या कर्जापोटीच वळती करून घ्यायची होती. ज्या फौजेसाठी मुलूख घेतला, ती लगेच हिंदी लष्करात विलीन झाली. १ ऑक्टोबर १९०३ रोजी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले.

तेव्हापासून तक्रारीची दिशा बदलली. वऱ्हाडचा कापूस आणि काळी जमीन यांचा पैसा नागपुरात खर्च होतो, असे आता वऱ्हाडचेच पुढारी म्हणू लागले. १९२२ च्या सिम सूत्राने वाटून घेण्याजोग्या खर्चात वऱ्हाडचा वाटा सुमारे चाळीस टक्के धरला, तरी कुरबुर थांबली नाही. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच. म्हणून तिथले सभासद लोकांनी निवडून द्यायचे आणि मग गव्हर्नरने त्यांची ‘नेमणूक’ करायची, असा द्राविडी प्राणायाम चाले.

हे सभासद ज्यात बसत, त्या मध्य प्रांत कौन्सिलात १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. डॉ. मुंजे यांच्या पुढारपणाखाली मार्च १९२४ मध्ये अंदाजपत्रकाच्या मागण्या फेटाळल्या गेल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये करण्यात आला. गव्हर्नर फ्रँक स्लाय याने खास अधिकारात खर्च मंजूर करून कारभार चालवला. कोंडी सरकारची झाली तशी पक्षाचीही झाली. १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष, अमरावतीचे श्री. बा. तांबे यांनी कार्यकारी मंडळातले पद स्वीकारताच पक्षात फूट पडली. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याच्या परिषदेत प्रतिसहकार पक्ष उभा राहिला.

शेवट : उस्मान अली खान निजामाने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने, एकदा निकालात निघालेल्या बाबीवर संस्थानिकाला बरोबरीच्या नात्याने वाद घालता येणार नाही, असे बजावले. हे पत्र पुढे सर्वच संस्थानिकांना लावले गेले. १९३६ च्या कराराने नाममात्र सार्वभौमत्व आणि २५ लाखांचा खंड कायम ठेवण्यात आला आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर हा वाद राजकारणातून गेला.

वाटणीचा वाद मात्र पुढे चालू राहिला. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आणि २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार यांत वऱ्हाड-विदर्भाच्या वाट्याची बोली आहे. १९८४ मध्ये दांडेकर समितीने महाराष्ट्राच्या विकासाचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला, त्यात विदर्भाचे १,२४६.५५ कोटी होते.