दोन आठवडे, नऊपैकी पाच

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या अभ्यासिकांमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीची मुलं परीक्षेआधी जे क्रायटेरिया घोकत बसतात, त्यांतला सगळ्यांत पक्का पाठ म्हणजे ‘दोन आठवडे, नऊपैकी पाच’. डीएसएम या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-ग्रंथानुसार नैराश्याचं निदान करायचं तर नऊ लक्षणांपैकी किमान पाच हवीत. उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक त्यांत हवंच. आणि हे सगळं दोन आठवडे, जवळजवळ रोज. अमेरिकेत थेरपिस्ट व्हायला परवाना परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, जो अभ्यासक्रम मानते तो पूर्ण करून तिच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. वाट कुठलीही असो, हे आकडे चुकवून चालत नाही. ते आले कुठून, हे मुलांना आकड्यांइतक्याच आस्थेनं सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणं, आणि तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य मुंबईच्या घरोघरी पोचलं ते त्याच्यामुळे. तिथे भरती होणाऱ्याची लक्षणं कुणी दिवसांच्या हिशेबानं मोजत नव्हतं. १९१२च्या वेड्यांविषयीच्या कायद्याला मन ठिकाणावर नसलेला माणूस एवढीच ओळख पुरत होती. नातेवाइकांचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, की दार उघडलं. १९३८ साली डॉ. के. के. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि डॉक्टरांसमोर वेगळा माणूस येण्याची सोय झाली. हा माणूस कामाला जाणारा, तपासून झाल्यावर घरी परतणारा. त्याचं दुःख कधी दुःखच मानायचं आणि कधी आजार? कोठडीच्या दाराशी न पडणारा हा प्रश्न ओपीडीच्या बाकावर रोज पडतो, आणि मोजणीची गरज तिथूनच लागते.

मोजणी बसवली ती अमेरिकेत. १९५७ साली बॉस्टनमधल्या वॉल्टर कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी आपल्या अभ्यासासाठी दहा लक्षणांची यादी केली आणि त्यांतली सहा असली की नैराश्य धरायचं, असं ठरवलं. सहाच का, असं पुढे कॅसिडींना विचारलं गेलं, तेव्हा तेवढं बरोबर वाटलं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. या उत्तरात मला लबाडी दिसत नाही. शंभरेक रुग्ण जवळून पाहिलेल्या डॉक्टरचा तो अंदाज होता, आणि त्यांनी तो अंदाज म्हणूनच सांगितला. १९७२ साली सेंट लुईसच्या फायनर आणि मंडळींनी ती यादी आठावर आणली. पाच लक्षणं पक्क्या निदानाला, चार असतील तर संभाव्य, आणि मुदत एक महिना. मग रॉबर्ट स्पिट्झर यांच्या गटानं १९७८च्या संशोधन-निकषांत महिन्याचे दोन आठवडे केले, १९८०च्या डीएसएम-३मध्ये तेच कायम राहिले, आणि १९८७च्या सुधारित आवृत्तीत ‘नऊपैकी पाच’ आलं. महिन्याचा पंधरवडा झाला तो कुठल्या रक्ततपासणीनं नव्हे. त्यामागे होता तो डॉक्टरांचा अनुभव आणि त्यांची आपसातली सहमती.

म्हणजे निकष खोटे ठरतात का? नाही. आग्रा आणि लंडनमधल्या दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला एकच नाव द्यावं, यासाठी अशी सहमती लागतेच. पण ती सहमती आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो तेराव्या दिवशी समोर आलेल्या माणसाला ‘अजून एक दिवस थांबा’ असं सांगणार नाही.

शोकाच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. डीएसएम-४ नुसार जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने नैराश्याचं निदान सहसा करायचं नव्हतं. २०१३च्या डीएसएम-५ने ती सवलत काढून टाकली. लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आता डीएसएममध्ये आहे आणि आयसीडी या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही आहे. आयसीडी-११मध्ये त्याला किमान सहा महिने लागतात, तर २०२२च्या डीएसएममध्ये मोठ्यांसाठी बारा. परीक्षेत मुलं हमखास अडखळावीत अशी ही जागा. आपल्या घरांत दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध अशी शोकाची मोजणी कधीपासून आहे, आणि वर्ष सरेपर्यंत घरात मंगलकार्य न करणारी कुटुंबं बोरिवलीतही आहेत. आयसीडी स्वतःच सांगते, की त्या माणसाच्या समाजात जेवढा शोक अपेक्षित असतो त्याच्या स्पष्टपणे पलीकडे तो गेलेला असावा. म्हणून सहा महिने मोजण्याआधी त्या घराचा रिवाज विचारायला हवा.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं तिसरं कलम निदानासाठी आयसीडीचंच नाव घेतं. त्याच कलमात असंही आहे, की समाजाची नीतिमूल्यं किंवा राजकीय, धार्मिक मतं न पाळणं हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीला ‘डोक्यावर परिणाम’ म्हणून दवाखान्यात आणलं जातं, तेव्हा या ओळीची किंमत कळते.

आयसीडी-११च्या नैराश्याच्या यादीत लक्षणं पुन्हा दहा झाली आहेत. त्यांतली पाच हवीत. दहावं म्हणून आलं आहे हताशपण, पुढे काही बरं होईल ही आशाच न उरणं. नैराश्य असलेला आणि नसलेला माणूस वेगळा ओळखायला हे लक्षण फार उपयोगी पडतं, असं संशोधनातून दिसलं होतं. डीएसएमची नऊ लक्षणं पाठ केलेल्या मुलांनी, एक क्रायटेरिया वाढला म्हणून त्रागा न करता, या हताशपणाबद्दलचा प्रश्न आपल्या रोजच्या मराठीत, गुजरातीत, हिंदीत कसा विचारायचा याचा सराव करावा. ‘पुढच्या महिन्यात काय करायचं ठरवलंय?’ एवढं साधं विचारलं तरी काही माणसं गप्प होतात, आणि तिथे थांबून ऐकावं लागतं.