रुग्णालयीन परिचर्येतील दैनंदिन अडचणी आणि सहकाऱ्यांचा सल्ला : मुंबई-पुण्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतातील परिचर्येचा इतिहास बहुधा संस्था, समित्या आणि कायदे यांच्या क्रमाने लिहिला गेला आहे. कोणते रुग्णालय कधी सुरू झाले, प्रशिक्षणाचा पहिला वर्ग कोठे भरला, नोंदणीचा कायदा कोणत्या वर्षी झाला, याची माहिती त्यातून मिळते. परंतु भरलेला वॉर्ड रात्रभर एकटीने सांभाळणारी नवशिकी परिचारिका ते काम कोणाकडून शिकली, या प्रश्नाचे उत्तर त्यात क्वचितच सापडते. पाठ्यपुस्तकाने तिला शरीररचना शिकवली, मेट्रनने शिस्त शिकवली. पाळी निभावून नेण्याचे ज्ञान मात्र तिला दोन वर्षे आधी आलेल्या सहकारिणीने दिले.

हा सल्ला बहुतांशी तोंडी असल्यामुळे तो दप्तरात शिल्लक राहिला नाही व इतिहासकारांनीही त्याची फारशी दखल घेतली नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, सहकाऱ्यांचा सल्ला हा केवळ स्नेहभावाचा भाग नसून तो एक ऐतिहासिक पुरावा आहे. जेथे व्यवस्थेने काही पुरवावयास हवे होते आणि ते पुरवले नाही, तेथे सल्ल्याची गरज निर्माण झाली. म्हणून सल्ल्याच्या आशयावरून व्यवस्थेतील उणिवांचा शोध घेता येतो.

उद्दिष्टे :

१) प्रशिक्षणपद्धतीतून परिचारिकांच्या दैनंदिन अडचणी कशा निर्माण झाल्या हे पाहणे.
२) मुंबई-पुण्यात या अडचणींना मिळालेले सामाजिक परिमाण तपासणे.
३) सहकाऱ्यांच्या सल्ल्याचे सामर्थ्य व मर्यादा यांचे विवेचन करणे.

प्रोबेशनर पद्धतीचा वारसा :

क्रिमियन युद्धातील कार्यानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे जमलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्या प्रशिक्षणशाळा सुरू झाली. तेथील विद्यार्थिनीस 'प्रोबेशनर' म्हणत. ती वॉर्डात प्रत्यक्ष काम करत शिकत असे. या पद्धतीचा गुण असा की शिक्षण रुग्णाच्या खाटेजवळ होत असे. दोष असा की जसजशी ती इतरत्र पसरली, तसतसे विद्यार्थिनी म्हणजे रुग्णालयाला स्वस्तात मिळणारे मनुष्यबळ, असे समीकरण होऊन बसले. काम थांबू शकत नव्हते, शिकवणे मात्र लांबणीवर टाकता येत होते. ही पोकळी पुढच्या वर्गातील विद्यार्थिनींनी भरून काढली.

नाइटिंगेल यांना या अडचणीची जाण होती. 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थापनावर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. आपण हजर असताना जे घडते ते आपल्या गैरहजेरीतही घडत राहील अशी तजवीज करणे, हा त्याचा गाभा आहे. पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या परिचारिकेकडे सोपविण्याच्या प्रथेमागेही हेच तत्त्व आहे. आपल्याकडील वॉर्डांत तिला 'ओव्हर देणे' म्हणतात. शिवाय १८७२ पासून नाइटिंगेल आपल्या शाळेतील प्रोबेशनर व परिचारिकांना उद्देशून पत्ररूपाने उपदेशही करीत. परंतु हा सल्ला वरून खाली येणारा होता. सहकारिणींचा सल्ला समान पातळीवरील होता व त्यात चूक कबूल करण्यास अधिक वाव होता.

मुंबई-पुण्यातील परिस्थिती :

मुंबईत जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. १८८० च्या दशकात ख्रिस्ती धर्मभगिनींच्या देखरेखीखाली शहरात संघटित परिचर्येला आकार येऊ लागला. १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा रुग्णालय स्थापन झाले. १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख परिचर्येच्या इतिहासात पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून केला जातो.

लंडनच्या प्रोबेशनरपुढे नसलेल्या काही अडचणी येथील स्त्रीपुढे होत्या. परक्या पुरुषाच्या शरीराला स्पर्श, मलमूत्राची स्वच्छता, सर्व जातींच्या रुग्णांची सेवा आणि रात्री घराबाहेर राहणे या चारही गोष्टी तत्कालीन सोवळ्या-ओवळ्याच्या व कुलीनतेच्या कल्पनांना धक्का देणाऱ्या होत्या. १८९६ मध्ये मुंबईत आणि लगोलग पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा शुश्रूषेची गरज तीव्रतेने जाणवली. रुग्णसेवा करताना प्लेगची लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. शुश्रूषेतील जोखीम किती खरी होती, हे यावरून ध्यानात यावे.

१९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. संस्थेने ससून रुग्णालयात परिचारिका म्हणून शिकण्यासाठी स्त्रियांना पाठविले. त्यांत विधवांचा भरणा होता. एका समारंभात पारितोषिक घेण्यास केशवपन केलेली एक विधवा मंचावर आली असता प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी हुर्यो केली आणि रमाबाईंनी त्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली, असा प्रसंग सांगितला जातो. समाजाची दृष्टी अशी असताना एकट्या स्त्रीला या व्यवसायात टिकून राहणे कठीण होते. सेवासदनाने प्रशिक्षणार्थींच्या निवासाची सोय केली, तिचे महत्त्व या संदर्भात समजून घ्यावे लागते. वसतिगृह हे केवळ राहण्याचे ठिकाण नव्हते. दिवसभराचा अपमान, भीती व चुका यांविषयी बोलता येईल अशी ती जवळपास एकमेव जागा होती.

संघटना व नियतकालिक :

१९०५ मध्ये लखनौ येथे परिचर्या अधीक्षकांची संघटना स्थापन झाली. १९०८ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना, म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन, स्थापन करण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी १९१० पासून 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' हे नियतकालिक निघू लागले आणि १९१२ मध्ये भारतीय संघटना आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेशी जोडली गेली. एकमेकींपासून दूर असलेल्या परिचारिकांना यामुळे प्रथमच एक छापील व्यासपीठ लाभले.

मात्र या व्यासपीठाची भाषा इंग्रजी होती व आरंभीचे नेतृत्व युरोपीय अधीक्षकांकडे होते. मराठी बोलणाऱ्या परिचारिकेचा अनुभव त्यात उतरण्याची शक्यता कमी होती. तिचा सल्ला मराठीत, तोंडी आणि वॉर्डापुरताच राहिला.

सल्ल्याचा आशय :

परिचारिकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सल्ल्यांपैकी काही येथे विचारार्थ घेतले आहेत.

पहिला सल्ला 'ओव्हर' विषयी आहे. वहीवरून ओव्हर घेऊ नये, प्रत्येक खाटेपाशी उभे राहून घ्यावा. सलाईन किती उरले, जखमेची पट्टी ओली आहे काय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पाळी संपलेली परिचारिका थकलेली असते व तिच्याकडून एखादी गोष्ट सांगावयाची राहू शकते, हे या सल्ल्यात गृहीत धरले आहे. दोन पाळ्यांमध्ये ओव्हरसाठी पुरेसा वेळ राखून ठेवलेला नसणे, ही येथील उणीव होय.

दुसरा सल्ला नोंदीविषयी आहे. डॉक्टरांचा तोंडी आदेश लगेच लिहून घ्यावा व त्यावर सही मागावी. जे लिहिले नाही ते केलेच नाही असे धरले जाते. वरवर पाहता हा अचूकतेचा नियम आहे. प्रत्यक्षात चूक उघडकीस आल्यावर अधिकारक्रमात खाली असलेल्या व्यक्तीवर ठपका येतो, या अनुभवातून तो दृढ झाला.

तिसरा सल्ला औषधांच्या कपाटाविषयी आहे. मोजदाद केल्याखेरीज किल्ली स्वीकारू नये. वस्तू हरवल्यास वा फुटल्यास त्या पाळीच्या परिचारिकेला जबाबदार धरण्याच्या प्रथेतून हा सल्ला आला.

चौथा सल्ला शरीराविषयी आहे. जड रुग्णाला एकटीने उचलू नये; रात्री निर्जन भागात एकटीने जाऊ नये. पहिल्या भागात मनुष्यबळाची कमतरता दिसते, तर दुसऱ्या भागात सुरक्षिततेचा अभाव.

या उणिवा काल्पनिक नव्हत्या. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार त्या वेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारणतः ४३,००० लोकसंख्येमागे एक. अल्प वेतन, अतिरिक्त काम व अपुरी निवासव्यवस्था यांकडे समितीने लक्ष वेधले. पुढे १९५४ ची शेट्टी समिती आणि सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील १९८७-८९ ची उच्चाधिकार समिती यांनाही सेवाशर्तींचा विचार करावा लागला. एकच विषय चार दशकांत पुन्हा पुन्हा समित्यांपुढे यावा, हे पुरेसे बोलके आहे.

सल्ल्याकडून मागणीकडे :

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर त्याच रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने तळघरात अमानुष हल्ला केला. त्या तेथे कपडे बदलण्यासाठी गेल्या होत्या. त्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला. एकटीने जाऊ नये, हा सल्ला पुरेसा नव्हता. सुरक्षित जागा ही परिचारिकेच्या सावधपणावर सोडण्याची बाब नसून रुग्णालयाची जबाबदारी आहे, ही जाणीव त्या संपातील सुरक्षित कामाच्या मागणीमागे दिसते.

पुढे ४१ वर्षांहून अधिक काळ, १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. १९८० च्या दशकात त्यांना अन्यत्र हलविण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि ते प्रयत्न सोडून द्यावे लागले. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयातील या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे खरे निकटस्नेही मानले. सहकाऱ्यांच्या नात्याला मिळालेली ही न्यायालयीन मान्यता असाधारण होय.

सल्ल्याच्या मर्यादा :

सहकाऱ्यांच्या सल्ल्याचे केवळ गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. इसाबेल मेन्झिस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील एका रुग्णालयाचा अभ्यास केला. कामाचे तुकडे पाडणे, रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने वा आजाराच्या नावाने संबोधणे, या प्रथा मनावरील ताण टाळण्यासाठी रुजल्याचे त्यांनी दाखविले. अशा प्रथाही वरिष्ठ विद्यार्थिनीच कनिष्ठांना शिकवत असतात. मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये वर्गातील शिकवण व वॉर्डातील वास्तव यांतील तफावतीमुळे नवपरिचारिकेला बसणाऱ्या धक्क्याचे विश्लेषण केले. हा धक्का सौम्य करणारी सहकारिणी जशी असते, तशीच 'आम्हीही सोसले, तूही सोस' असे सांगणारीही असते. 'वरिष्ठांपुढे बोलू नकोस' हा सल्ला नवखीचे रक्षण करतो, तसेच अन्यायाचेही रक्षण करतो.

निष्कर्ष :

१) प्रोबेशनर पद्धतीत शिक्षणापेक्षा कामाला अग्रक्रम मिळाल्यामुळे सहकाऱ्यांचा सल्ला ही परिचर्येची अनौपचारिक शिक्षणव्यवस्था बनली.
२) मुंबई-पुण्यात जात, वैधव्य व कुलीनता यांच्या दडपणामुळे या आधाराला टिकून राहण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्व आले.
३) प्रत्येक रूढ सल्ला एखाद्या अपुऱ्या व्यवस्थेकडे निर्देश करतो.
४) सल्ला व्यक्तीला सावध करतो, परंतु धोका दूर करत नाही. त्यासाठी सल्ल्याचे सामूहिक मागणीत रूपांतर व्हावे लागते.

वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेस प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० मध्ये झाला. परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. कायद्यांची नोंद इतिहासात राहीलच. परंतु अनुभवी परिचारिका नवखीला पहिल्या रात्रपाळीपूर्वी काय सांगतात, हे मराठीत नोंदवून ठेवण्याचे काम अद्याप मोठ्या प्रमाणावर व्हावयाचे आहे. महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने ते हाती घ्यावे. निवृत्त परिचारिकांची पिढी आपल्यात आहे तोवरच ते शक्य आहे.