सलिव्हनचा वॉर्ड आणि सिस्टरचे टेबल

गोंदियाजवळच्या कामठ्यात कुणाच्या छातीत धडधड सुरू झाली, हातापायांना मुंग्या आल्या, जीव घाबरा झाला, तर पहिला संशय हृदयावर जातो आणि दुसरा बाहेरच्या बाधेवर. ईसीजी होतो, अंगारा होतो, धडधड राहतेच. मग कुणीतरी गोंदियाला मानसोपचाराची ओपीडी सुचवतो. डॉक्टर गोळी लिहून देतात. पण ती लागू पडायला दोन-चार आठवडे जातात, बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नसते, हे बसून समजावण्याचे काम मानसिक आरोग्य परिचारिकेचे, म्हणजे सिस्टरचे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात तिचे पद आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तिची व्याख्या आहे. अमेरिकेतली तिची जातभाई, नर्स प्रॅक्टिशनर, निदान करते आणि औषधही लिहिते. आपल्याकडे पेन डॉक्टरच्याच हातात आहे.

चिंतेने ग्रासलेल्या माणसासमोर नर्स बसली कशी? ठरलेले टप्पे एका दमात सांगतो: १८६४ चे नागपूरचे मनोरुग्णालय, १९८२ चा राष्ट्रीय कार्यक्रम, १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम. खरी गंमत दुसरीकडेच आहे.

परिचर्येच्या पुस्तकांत मनोपरिचर्येच्या घराण्याची मूळ आई म्हणून हिल्डगार्ड पेपलाऊचे नाव येते. चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयकंप अशा चार पायऱ्या तिने नर्सना शिकवल्या. रुग्ण कोणत्या पायरीवर आहे ते ओळखा, मगच बोला, हा तिचा धडा. तिचे पुस्तक १९४८ मध्ये लिहून झाले, पण छापले गेले १९५२ मध्ये. सहलेखक डॉक्टर नसताना नर्सने ग्रंथ लिहावा, हे तेव्हा पचणारे नव्हते. माणसाचा आजार माणसांमधल्या संबंधांत शोधायचा, ही दृष्टी मात्र तिने हॅरी स्टॅक सलिव्हन या मनोविकारतज्ज्ञाकडून घेतली.

आणि याच सलिव्हनने १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरजवळच्या शेपर्ड-प्रॅट रुग्णालयात तरुण रुग्णांसाठी जो खास वॉर्ड चालवला, त्यात नर्सना मज्जाव होता! तिथे त्याने निवडून, शिकवून ठेवले होते ते साधे पुरुष मदतनीस. नर्सचा दरारा रुग्णाला बुजवतो, असे त्याचे मत. ज्याने नर्सला दाराबाहेर ठेवले, त्याच्याच विचारावर मनोपरिचर्येचे घर उभे राहिले.

या कुळाची दुसरी फांदी थेट गोव्यात उतरते. सलिव्हनच्याच विचारांतून पुढे क्लेरमन आणि वाइसमन यांनी आंतरव्यक्ती उपचारपद्धती बांधली. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगात ती गोव्यातल्या चोवीस दवाखान्यांपैकी निम्म्यांत वापरली गेली. रुग्ण चिंता आणि नैराश्याचे. त्यांच्याशी बोलणाऱ्या समुपदेशक मुली स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या. निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा समुपदेशकांकडचे सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले, एरवीच्या उपचाराने ४२ टक्के. माझ्या मते सलिव्हनच्या मदतनिसांची खरी वारस पेपलाऊच्या नर्सहूनही ही गोव्याची मुलगी आहे.

यावर दोन हरकती येतात. पहिली लंडनची: मॉड्स्ली रुग्णालयात आयझॅक मार्क्सने १९७२ पासून नर्सना भीतीवरचे वर्तनोपचार शिकवले. ज्याचा बसमध्ये जीव गुदमरतो त्याला टप्प्याटप्प्याने बसमध्येच बसवायचे, त्यात नातेसंबंधांचा इतिहास उकरायचा नाही. त्या नर्सचे यश डॉक्टरांच्या आणि मानसशास्त्रज्ञांच्या तोडीचे निघाले. ठरावीक गोष्टीच्या भीतीपुरते हे घराणे सरस, हे मान्य. पण आपल्या ओपीडीत येणारी धडधड बहुधा कर्जाची, सासरची, पोराच्या नोकरीची असते. तिला कोणत्या बसमध्ये बसवणार?

दुसरी हरकत जास्त बोचरी. गोव्यातल्याच खासगी दवाखान्यांत समुपदेशकामुळे काहीच फरक पडला नाही. तिथे दोन्ही बाजूंचे सुमारे ६५ टक्के रुग्ण बरे झाले. मग समुपदेशक हवी कशाला? मला तर हा आकडा माझ्याच बाजूचा साक्षीदार वाटतो. घरातली तीन पिढ्यांची माणसे ओळखणारा फॅमिली डॉक्टर ते काम आधीच करत असणार. सरकारी केंद्रातल्या रांगेत ते करायला कुणी नव्हते, म्हणून तिथे फरक दिसला.

विदर्भापुरता पुरावा अमरावती जिल्ह्यातला. तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातलीच माणसे तयार केली आणि नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोंदियात सिस्टरच्या हाती औषधाचे पेन द्यावे की नाही, हा वाद चालू राहू दे. मी आधी तिच्याकडची नोंदवही, बीपीची रांग आणि लसीकरणाची ड्यूटी काढून घेईन आणि दर रुग्णामागे अर्धा तास देईन. मज्जाव करणाऱ्या सलिव्हनला त्या वॉर्डात नेमके हेच साधायचे होते.