वेम्बलीवर वाजले ते कोणाच्या निर्णयाने?

१२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० असे हरवले. त्यात दोन गोल करणारे बलबीरसिंग पुढे सांगत की, तिरंगा वर चढत होता आणि राष्ट्रगीत वाजत होते. आता दुसरी तारीख शेजारी ठेवा. संविधान सभेत 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले २४ जानेवारी १९५० रोजी. मग त्याआधी सतरा महिने ते ऑलिंपिकमध्ये कोणत्या अधिकाराने वाजले?

याचा सर्वांत भक्कम पुरावा सामन्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी तयार झाला. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत निवेदन केले. १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली, तेव्हा हाताशी 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती आणि वाद्यवृंदाने ती धून वाजवली. पुढे प्रांतांच्या गव्हर्नरांची मते मागवली गेली. मध्य प्रांताचे गव्हर्नर वगळता सर्वांनी होकार दिला आणि मंत्रिमंडळाने हे गीत तात्पुरते स्वीकारले. आपले नागपूर-वऱ्हाड त्याच प्रांतात होते. पण त्या एका नकाराचे कारण निवेदनात नाही.

राष्ट्रगीतासाठी दुसरा पर्याय होता 'वंदे मातरम्'. त्याची चाल बँडला साजेशी नाही, हा नेहरूंचा मुख्य आक्षेप. आळंदीत जन्मलेले संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर नेमके त्याच आक्षेपाला उत्तर देत होते. झिंझोटी रागाच्या अंगाने वाद्यवृंदाला पेलेल अशी चाल बांधून त्यांनी ती दिल्लीत ऐकवली. निकाल मात्र दुसऱ्या बाजूने लागला.

वेम्बलीआधीचा दुवा बर्लिन ऑलिंपिकचा, आणि तो बराच नाजूक आहे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले. अधिकृत निशाण आणि गीत अर्थातच साम्राज्याचे. पण ध्यानचंद यांच्या 'गोल' या आत्मचरित्रात वेगळेच दृश्य आहे: सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत संघाचे सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा काढला, खेळाडूंनी त्याला वंदन केले, प्रार्थना केली आणि मगच ते मैदानात उतरले. पुस्तक १९५२चे, म्हणजे आठवण सोळा वर्षांनंतरची. तरीही मला ती खरी वाटते. ध्यानचंद तेव्हा ब्रिटिश हिंदी लष्करात होते, त्यामुळे एवढी वर्षे त्यांनी हे छापले नाही यात नवल नाही. अर्थात हे कारण माझे अनुमान आहे. काही नंतरच्या कथनांत त्या खोलीत 'वंदे मातरम्'ही गायले जाते. ध्यानचंद वंदन आणि प्रार्थना एवढेच सांगतात, गाण्याचा उल्लेख करत नाहीत. तेव्हा झेंडा ग्राह्य धरावा, गीत सध्या बाजूला ठेवावे.

रीतसर स्वीकारलेल्या राष्ट्रगीताचे पहिले ऑलिंपिक हेलसिंकीचे. २३ जुलै १९५२ रोजी गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक विजेते ठरले. मात्र पदकप्रदानात झेंडे तिघांचे चढत, गीत फक्त विजेत्याचे वाजे. त्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांचे होते, त्यामुळे खाशाबांसाठी तिरंगा चढला, गीत जपानचे वाजले. 'जन गण मन'चा मान दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, नेदरलँड्सवर ६-१ असा विजय मिळवणाऱ्या हॉकी संघाला मिळाला.