चाकाचा आवाज (मोटारगाडी)
मोटारगाडीच्या दुरुस्तीनंतर चाकातून येऊ लागलेल्या नव्या आवाजाचे मूळ बहुधा कारागिराचा हात लागलेल्या भागातच सापडते. त्यामुळे निदान करताना काय काय उघडले होते, हे आधी विचारावे.

ब्रेकच्या कामानंतरची पत्रा घासल्यासारखी खरखर अनेकदा किरकोळ कारणाने होते. डिस्कमागचा पातळ धूळरोधक पत्रा काम करताना वाकून डिस्कला टेकतो. तो थोडा मागे सारला की आवाज थांबतो. कधी त्या फटीत खडाही अडकलेला असतो. खिडक्या उघड्या ठेवून भिंतीलगत गाडी सावकाश चालवल्यास ही खरखर स्पष्ट ऐकू येते.

बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि वळणावर बदलते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला, तर दोष सहसा उजव्या बाजूस असतो.

ठकठक ऐकू आल्यास मात्र गाडी सुरक्षित जागी ताबडतोब थांबवावी. चाकाचे नट सैल असल्यास धावत्या गाडीचे चाक निखळू शकते. नट समोरासमोरच्या क्रमाने, उत्पादकाने नेमून दिलेल्या जोराने, मापाच्या पान्याने आवळतात. चाक बसवल्यानंतर साधारण ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा तपासावे लागतात; ही तपासणीच बहुतेकदा राहून जाते.